मिलिपीडची दुहेरी शास्त्रीय नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुहेरी नाव म्हणजे नक्की काय?

आधी मराठीतलंच उदाहरण घेऊ. काडी लावली की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी करून पडून राहणारा, पुष्कळ पायांचा तो किडा. हाच मिलिपीड. त्याला कुणी वाणी म्हणतं, कुणी पैसा. किडा एक, नावं दोन. आता उलटं बघा. 'वाणी' म्हणजे हा किडा आणि 'वाणी' म्हणजे बोलणंही. शब्द एक, गोष्टी दोन.

शास्त्रीय नावांत नेमके हेच दोन गुंते होतात. एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर ती एकमेकांची पर्यायनावं, म्हणजे सिनॉनिम. दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव पडलं तर ती समनामं, म्हणजे होमोनिम. तिसरा प्रकार साधा आहे, पण रोज भेटतो: एकच नाव यादीत दोनदा टंकलेलं असतं आणि स्पेलिंग, साल किंवा कंस यांच्या फरकामुळे ते दोन वाटतात.

हे तीन प्रकार वेगळे ओळखले की निम्मं काम झालं, कारण तिघांचा निकाल तीन वेगळ्या जागी लागतो. पर्यायनावाचा निकाल अल्कोहोलमध्ये जपून ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीपाशी लागतो. समनामाचा निकाल छापील पान आणि त्याची तारीख बघून लागतो, तिथं प्राणी बघण्याचीही गरज नसते. तिसऱ्यासाठी मूळ लेख उघडून अक्षरं ताडून पाहिली की पुरतं. ज्यांची कामं अडकतात, ते बहुतेक वेळा एका प्रकारचा प्रश्न दुसऱ्याच्या जागी सोडवत बसलेले असतात.

शब्दांबद्दल एक खुलासा. 'प्रजाती' हा शब्द मराठीत कुणी जीनससाठी वापरतं, कुणी स्पीशीजसाठी. नावांच्या गोंधळाबद्दल लिहिताना तोच गोंधळ नको, म्हणून इथं जीनसला वंश आणि स्पीशीजला जाती म्हटलं आहे.

मिलिपीडमध्येच हा प्रकार इतका का?

आजवर मिलिपीडच्या सुमारे १२,००० जातींना नावं दिली गेली आहेत आणि त्यांच्या कितीतरी पट जाती बिननावाच्या राहिल्या असाव्यात असं जाणकार मानतात. एवढ्या मोठ्या गटावर काम करणारी माणसं मात्र कायम मोजकी. फेरहॉफ, आटेम्स, सिल्व्हेस्त्री, चेंबरलिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी एकेकट्यानं शेकड्यांनी नावं दिली. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या नियतकालिकांत ते लिहीत होते. एकाचा लेख दुसऱ्याच्या हाती पडेपर्यंत दुसऱ्याचं नाव छापून झालेलं असायचं.

दुसरं कारण जुन्या वर्णनांत आहे. प्राण्यांची नावं धरली जातात ती लिनियसच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून. त्यात जवळजवळ सगळ्या मिलिपीडसाठी एकच वंश होता, युलस. पुढं अनेक दशकं, कुठल्याही खंडातून लांबट गोल किडा आला की त्याला युलसमध्ये टाकलं जाई. चपट्या कडांचा असेल तर पॉलिडेस्मसमध्ये. गोळी होऊन बसणाऱ्या ग्लोमेरिस मार्जिनाटा या जातीचं १७८९ चं पहिलं नाव तर ओनिस्कस मार्जिनाटस होतं आणि ओनिस्कस हा मिलिपीडचा वंशच नव्हे, तो कवचधारी वर्गातला. वर्णनं दोन-चार ओळींची: रंग काळा, पाय फिकट, लांबी अमुक. अशा वर्णनात शंभर जाती बसतात.

खरी ओळख पटते ती नराच्या गोनोपॉडवरून. बहुतेक मिलिपीडच्या प्रौढ नरात सातव्या वलयावरच्या पायांचं रूपांतर मीलनाच्या अवयवात झालेलं असतं. त्याचे काटे, आकडे, पन्हळी आणि फाटे जातीगणिक वेगळे असतात. (गोळी होणाऱ्या मिलिपीडमध्ये हेच काम शरीराच्या मागच्या टोकाचे पाय करतात.) गोनोपॉडचं महत्त्व नीट लक्षात आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीची नावं किती मादीवर, किती पिल्लांवर बेतलेली आहेत, हे बाटली उघडल्याशिवाय कळत नाही.

तिसरं कारण खुद्द प्राण्याच्या वाढीत आहे आणि मला ते सगळ्यांत विलक्षण वाटतं. मिलिपीडचं पिल्लू थोड्या वलयांचं आणि मोजक्या पायांचं निघतं. प्रत्येक कातीबरोबर वलयं आणि पाय वाढतात. साहजिकच वलयांची संख्या बघून 'ही वेगळी जाती' म्हणणारे फसले. त्यावर कडी म्हणजे युलिड गटातल्या काही जातींत प्रौढ नर कात टाकून पुन्हा अप्रौढासारखा होतो. त्याचे गोनोपॉड आखडलेले असतात, पुढच्या कातीनंतर ते परत पूर्ण होतात. हा मधला नर फेरहॉफनं ओळखला. ओमॅटोयुलस सॅब्युलोसस या जातीत तो चांगला अभ्यासला गेला आहे. असा नर हाती आला आणि ही गोष्ट ठाऊक नसली, तर नवी जाती सापडल्यासारखं वाटणारच.

आणि कुंड्या. झाडांच्या मुळांशी असलेल्या मातीतून काही जाती देशोदेशी पोचल्या. ऑक्सिडस ग्रॅसिलिस ही मूळची पूर्व आशियातली जाती आज जगभरच्या काचघरांत आहे. असा पाहुणा नव्या देशात सापडला की तिथला अभ्यासक त्याला तिथलाच समजून नाव देणार.

माझ्या यादीत दोन नोंदी सारख्या दिसतात. सुरुवात कुठून करू?

नोंद खरंच दोनदा आहे का, तिथून. नावापुढचा लेखक (म्हणजे नाव देणारा), साल, कंस आणि स्पेलिंग या चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवा.

स्पेलिंगचे सापळे ठरलेले आहेत. माणसाच्या नावावरून केलेल्या जातिनामाच्या शेवटी एक 'आय' की दोन, यावरून ओमॅटोयुलस मोरेलेटीच्या दोन नोंदी होतात. युलसचं पहिलं अक्षर 'जे' की 'आय' यावरून आणखी काही. सालाचंही तसंच. लीचनं नाव दिलेल्या टॅकिपोडोयुलस नायजरपुढं काही याद्यांत १८१४ दिसतं, काहींत १८१५. जुने ग्रंथ सुट्या भागांत निघत, मुखपृष्ठावरचं साल आणि खरं प्रकाशन यांत अंतर असे, म्हणून हे होतं. दोन सालं म्हणजे दोन जाती असं समजू नका.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. लेखकाची आद्याक्षरं कधी गाळू नका. सी. एल. कोख आणि एल. कोख हे बापलेक. दोघांनीही कोळी आणि बहुपाद प्राण्यांवर लिहिलं. एकदा यादी आटोपशीर करायच्या नादात मी आद्याक्षरं काढून टाकली आणि दोन वेगळ्या नोंदी एकात मिसळल्या. वेगळ्या सालामुळे शंका आली, पण तोवर त्या नोंदींना जोडलेली नमुन्यांची ठिकाणंही एकमेकांत गेली होती. प्रत्येक ठिकाण मूळ कागदावरून पुन्हा लावायला जवळजवळ आठवडा गेला. तेव्हापासून एक शिस्त पाळतो: मूळ नोंद जशीच्या तशी एका रकान्यात ठेवायची, त्यावर हात फिरवायचा नाही आणि दुरुस्ती शेजारच्या रकान्यात करायची.

लेखकाचं नाव कधी कंसात असतं, कधी नसतं. हा टंकनदोष आहे का?

नाही. कंस म्हणजे 'या जातीला नाव दिलं तेव्हा ती वेगळ्या वंशात होती'. ऑक्सिडस ग्रॅसिलिस (सी. एल. कोख, १८४७) यात कंस आहे, कारण कोखनं तिला फोंटारिया ग्रॅसिलिस म्हटलं होतं. इलाक्मे प्लेनिपेस कुक व लूमिस, १९२८ इथं कंस नाही, कारण ती जाती पहिल्यापासून त्याच वंशात आहे. दुहेरी नोंदी शोधताना कंस फार उपयोगी पडतो: कंस दिसला की या जातीचं निदान आणखी एक जोडनाव (वंश आणि जाती मिळून होणारं नाव) कुठंतरी छापलेलं आहे हे नक्की.

दोन नावं एकाच प्राण्याची आहेत हे ठरवायचं कसं?

प्रत्येक नाव एका टाइप नमुन्याला, म्हणजे नाव देताना आधार धरलेल्या नमुन्याला, बांधलेलं असतं. वर्णन कितीही अपुरं असो, चित्र कितीही वाईट असो, शेवटी नाव त्या बाटलीतल्या प्राण्याचं. दोन्ही नावांचा टाइप नमुना एकच असेल तर वादच नाही, ती वस्तुनिष्ठ पर्यायनावं. टाइप वेगळे असतील आणि अभ्यासकाच्या मते दोन्ही एकाच जातीचे असतील तर ती व्यक्तिनिष्ठ पर्यायनावं. मिलिपीडमध्ये बहुतेक भांडण दुसऱ्या प्रकाराचं.

प्रत्यक्षात हे काम कसं चालतं? बाटली उघडली की आधी चिठ्ठी वाचायची. शाई फिकी झालेली, अक्षर वळणदार, गावाचं नाव आज नकाशावर नाही. अल्कोहोलमध्ये रंग केव्हाच उडालेला असतो, म्हणजे मूळ वर्णनातल्या 'पाय लालसर' या शब्दांचा काही उपयोग नाही. प्राणी बहुधा तीन-चार तुकड्यांत. गोनोपॉड पूर्वीच कुणी काढले असतील तर ते इवल्याशा आतल्या नळीत असतात, नसतील तर सातवं वलय शोधून सुईच्या टोकानं ते सोडवावे लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते ज्या कोनात धरून जुन्या लेखकानं चित्र काढलं, त्याच कोनात वळवून बघायचे. कोन किंचित चुकला तरी आतला फाटा दिसेनासा होतो. केवळ कोनाच्या फरकामुळे एकाच जातीची दोन झाली, असंही घडतं.

कधी बाटलीत दोन जातींचे प्राणी निघतात. मग त्यांतला एक नमुना लेक्टोटाइप म्हणून निवडून लेखात तसं छापावं लागतं. निवड झाली की नाव त्या एकाचं. टाइप फक्त मादी असेल, पिल्लू असेल किंवा हरवलाच असेल आणि वर्णनावरून काही ठरत नसेल, तर ते नाव संशयित म्हणून बाजूला ठेवतात. असं नाव ओढूनताणून कुणाचं पर्यायनाव करू नये. न सुटलेला प्रश्न 'न सुटलेला' म्हणून नोंदवणं हे प्रामाणिक काम आहे.

एक गाजलेलं उदाहरण सांगतो. कॅलिफोर्नियात अंधारात उजळणारा मिलिपीड मिळाला. लूमिस आणि डेव्हनपोर्ट यांनी १९५१ मध्ये त्याला नवा वंश देऊन ल्युमिनोडेस्मस सेक्वोइए म्हटलं. नाव किती समर्पक! पण चेंबरलिननं १९४१ मध्येच त्या भागातल्या जवळच्या जातीसाठी मोटिक्सिया हा वंश केला होता. दोन्ही वंश एकच ठरले आणि आधीचं नाव राहिलं. आज ती जाती मोटिक्सिया सेक्वोइए (लूमिस व डेव्हनपोर्ट, १९५१) आहे. 'ल्युमिनोडेस्मस' मागं पडलं याची मला हळहळ वाटते, पण नाव समर्पक आहे म्हणून ते टिकवता येत नाही.

म्हणजे नेहमी जुनंच नाव जिंकतं?

सर्वसाधारण नियम तोच, अग्रक्रमाचा. दोन्ही नावं एकाच दिवशी छापली असतील तर ज्या अभ्यासकानं प्रथम दोन्हींचा उल्लेख करून एक निवडलं, त्याची निवड चालते.

अपवादही संहितेत, म्हणजे प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, आहे. जुनं नाव १८९९ नंतर कुणीच वैध म्हणून वापरलेलं नसेल आणि नवं नाव गेल्या ५० वर्षांत किमान १० लेखकांनी किमान २५ लेखनांत, निदान १० वर्षांच्या अवधीत वापरलेलं असेल, तर नवं नाव राखता येतं. फुलपाखरांच्या अभ्यासकाला हा आकडा लहान वाटेल. मिलिपीडमध्ये मात्र असंख्य जातींबद्दल सबंध इतिहासात २५ लेखनं झालेली नाहीत, त्यामुळे हा दरवाजा आपल्याला क्वचितच उघडतो. मग उरतो आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण आयोगाकडे अर्ज करण्याचा रस्ता. आयोगाला नियम बाजूला ठेवून एखादं नाव राखण्याचा अधिकार आहे, पण निकालाला वेळ लागतो आणि तोवर रूढ नाव चालू ठेवायचं असतं.

एकदा पर्यायनाव ठरलं की कायमचं?

अजिबात नाही. ते एका अभ्यासकाचं मत असतं आणि नव्या पुराव्यानं ते बदलतं. काटेरी, झगझगीत रंगांच्या ड्रॅगन मिलिपीडचं बघा. डेस्मॉक्सिटिस हा वंश १९२३ चा, हायलोमस १९२४ चा. १९९४ च्या आढाव्यात हायलोमस डेस्मॉक्सिटिसमध्ये विलीन झाला. २०१८ मध्ये गोनोपॉडची बारकाईनं फेरतपासणी झाली आणि हायलोमस पुन्हा स्वतंत्र वंश म्हणून उभा राहिला. मधल्या काळात कुणी यादीतून 'हायलोमस' पुसून टाकलं असेल, त्याला आता कुठली जाती कुठं जाते हे नव्यानं शोधावं लागलं असणार.

दोन प्राण्यांचं वंशनाम एकच निघालं तर?

सगळ्या प्राण्यांत मिळून एक वंशनाम एकदाच. म्हणून मिलिपीडच्या नावाची टक्कर मिलिपीडशीच होते असं नाही. भुंगा, गोगलगाय, मासा, कुणाशीही होते. जे नाव आधी छापलं ते राहतं, दुसऱ्याला नवं नाव घ्यावं लागतं.

ब्रांटनं १८३७ मध्ये मिलिपीडच्या एका वंशाला सायफोनोफोरा म्हटलं. १८५५ मध्ये कोखनं मावा किड्यांच्या वंशाला तेच नाव दिलं. हा कोख म्हणजे तोच सी. एल. कोख, ज्यानं १८४७ मध्ये फोंटारिया ग्रॅसिलिसला नाव दिलं. मिलिपीडवर स्वतः काम केलेल्या माणसाच्या हातूनही हे व्हावं, यावरून त्या काळी नावांचा माग ठेवणं किती कठीण होतं ते समजतं. मावा हा पिकांवरचा किडा, त्यामुळे जुन्या शेतीविषयक लेखनात सायफोनोफोरा हे नाव भरपूर सापडतं. आता ते मिलिपीडचंच आहे आणि माव्याच्या त्या वंशाला मॅक्रोसायफम म्हणतात. जुन्या याद्या आपोआप जोडणारी प्रणाली इथं हमखास चुकते आणि गव्हावरचा मावा मिलिपीडच्या नकाशावर दिसू लागतो.

उलट्या बाजूचं उदाहरण जीवाश्मांतलं. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या जॉगिन्स इथं सिगिलारिया झाडांच्या पोकळ, दगड झालेल्या बुंध्यांत डॉसनला मिलिपीड मिळाले. त्यानं १८६० मध्ये नाव दिलं झायलोबियस सिगिलारिए. 'लाकडात राहणारा', अगदी योग्य. पण झायलोबियस हे नाव एका भुंग्याच्या वंशाला आधीच दिलेलं होतं. कुकनं १८९५ मध्ये बदली नाव दिलं झायलोयुलस. इथं मिलिपीड हरला. बदललं ते फक्त वंशनाम. डॉसनचं 'सिगिलारिए' आणि त्याचा टाइप नमुना दोन्ही तसेच राहिले.

टक्कर नसलेल्या जागाही ओळखा. वंशनामात एका अक्षराचाही फरक असेल तर ती समनामं नव्हेत. गणाच्या (ऑर्डरच्या) पातळीवरच्या नावांना हा नियम लागत नाही, म्हणून समुद्रातल्या सायफोनोफोर प्राण्यांच्या गणाचं नाव जवळजवळ तेच असूनही चालतं. वनस्पती आणि बुरशीची संहिता वेगळी. शायझोफायलम हे नाव एका बुरशीचं आहे आणि फेरहॉफनं तेच एका मिलिपीडला दिलं होतं. नियमानं त्यात अडचण नव्हती. ते नाव आज ओमॅटोयुलसच्या पर्यायनावांत आहे, पण ते समनाम म्हणून गेलेलं नाही.

आणि जातीच्या नावाची टक्कर?

हा सगळ्यांत किचकट भाग, सावकाश वाचा.

एकाच वंशात एक जातिनाम एकदाच चालतं. दोन जातींना पहिल्यांदा नाव देतानाच दोन्ही एका वंशात असतील तर ती प्राथमिक समनामं. नाव देताना वेगवेगळ्या वंशांत होती, पुढं कुणीतरी त्यांना एका वंशात आणलं आणि टक्कर झाली, तर ती दुय्यम समनामं. 'ग्रॅसिलिस' म्हणजे सडपातळ, 'नायजर' म्हणजे काळा, 'अल्बिपेस' म्हणजे पांढऱ्या पायांचा. मिलिपीडला ही विशेषणं कुणालाही सुचतील आणि सुचलीही.

प्राथमिक समनामातलं नंतरचं नाव कायमचं बाद. पण इथं एक महत्त्वाची अट आहे आणि ती मिलिपीडवाल्यांनी पाठ करून ठेवावी. युलसमध्ये दीडशे वर्षांपूर्वी टाकलेल्या दोन जाती आज दोन निराळ्या वंशांत, कधी दोन निराळ्या कुळांत असतात. १८९९ नंतर त्यांना कुणीही एका वंशात मानलेलं नसेल आणि दोन्ही नावं वापरात असतील, तर नंतरचं नाव आपणहून बदलायचं नाही. प्रकरण आयोगाकडे न्यायचं, तोवर दोन्ही नावं जशीच्या तशी चालू. समनाम दिसलं की लगेच नवं नाव ठोकून देणाऱ्यांनी ही अट न वाचल्यामुळे विनाकारण नव्या नावांची भर पडते.

दुय्यम समनामात १९६१ ही रेघ लक्षात ठेवा. त्याआधी दुय्यम समनाम म्हणून बदललेलं नाव सहसा कायमचं जातं. बदली नाव वापरात नसेल आणि दोन्ही जाती आता एका वंशात मानल्या जात नसतील, तरच ते परत येतं. १९६० नंतर बदललेलं असेल आणि दोन्ही जाती पुन्हा वेगळ्या वंशांत गेल्या, तर जुनं नाव परत घ्यायचं.

शोध घेताना उपजाती आणि जुने 'प्रकार' वगळू नका. उपजातीचं नावही त्याच रांगेत उभं असतं आणि १९६१ पूर्वी 'व्हरायटी' म्हणून छापलेली बरीच नावं उपजातीइतकीच पात्र धरली जातात. फेरहॉफ आणि आटेम्स यांच्या लेखनात अशी नावं पानोपानी आहेत.

आणि वंशनामाचा 'एका अक्षराचा' नियम इथं लावू नका. जातिनामात शेवटी एक 'आय' की दोन, 'आय' की 'जे', 'सी' की 'के', एकेरी की जोड व्यंजन, 'एन्सिस' की 'इएन्सिस' असे ठरावीक फरक असूनही, अर्थ आणि उगम एकच असेल तर नावं समानच धरतात.

ग्रॅसिलिसचं ग्रॅसिले कसं झालं? हे दुसरं नाव आहे का?

तेच नाव आहे. जातिनाम लॅटिन विशेषण असेल तर ते वंशनामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ऑर्थोमॉर्फा ग्रॅसिलिस, ऑक्सिडस ग्रॅसिलिस, पण स्ट्रॉंगायलोसोमा ग्रॅसिले, कारण स्ट्रॉंगायलोसोमा नपुंसकलिंगी. तिन्ही नावं जुन्या लेखनात एकाच प्राण्यासाठी आहेत. 'काळा घोडा, काळी घोडी' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त यादी जुळवताना आठवण ठेवावी लागते.

समनाम मीच शोधलं. बदली नाव मीच देऊ का?

मूळ लेखक हयात असेल तर आधी त्याला कळवा. संहितेतल्या आचारनियमानुसार त्याला निदान एक वर्षाची मुदत द्यावी. तो गप्प राहिला किंवा हयात नसेल तर तुम्ही देऊ शकता. पण त्याआधी त्या जातीला वापरता येईल असं एखादं पर्यायनाव आहे का ते बघा. असेल तर बहुधा तेच उचलायचं, नवं घडवायचं नाही. नसेलच तर लेखात 'हे अमुक नावाच्या जागी बदली नाव' असं स्पष्ट लिहा. टाइप नमुना जुन्याच नावाचा राहतो. लेख फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत त्याची नोंद आणि लेखात तिचा पुरावा हवा, नाहीतर ते प्रकाशन नामकरणासाठी धरलं जात नाही.

डीएनए तपासून हे सगळं चुटकीसरशी सुटणार नाही का?

दोन ताजे नमुने एका जातीचे का, याला डीएनए चांगलं उत्तर देतो. यांतली जाती कुठल्या जुन्या नावाची, याला तो आपणहून उत्तर देत नाही; त्यासाठी टाइप नमुना किंवा निदान त्याच्या मूळ ठिकाणचा नमुना लागतो. जुन्या टाइपमधला डीएनए बहुधा खराब झालेला असतो. समनामांबाबत तर डीएनएचा संबंधच येत नाही.

हरलेलं नाव यादीतून काढून टाकू का?

कृपा करून काढू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखात टॅकिपोडोयुलस अल्बिपेस सापडलं आणि तुमच्या यादीत फक्त टॅकिपोडोयुलस नायजर असेल, तर वाचणाऱ्याला वाटेल ही जाती निराळी किंवा नाहीशी झालेली. जुनं नाव ठेवा, त्यापुढं 'वैध नाव अमुक' असा दुवा द्या, हे कुणी आणि कुठल्या लेखात ठरवलं तेही लिहा. समनाम असेल तर लेखक आणि साल लावल्याशिवाय नाव एकटं कधी लिहू नका.

तपासायचं कुठं?

पहिली पायरी मिलिबेस, मिलिपीडच्या नावांची जागतिक नोंदवही. ती सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीच्या प्रणालीवर चालते, म्हणून प्राणी जमिनीवरचा असूनही तिथं सापडतो. प्रत्येक नावाला स्वतंत्र क्रमांक, आजची स्थिती आणि मूळ जोडनाव तिथं मिळतं. वंश आणि कुळांच्या नावांसाठी येकेलचा १९७१ चा नामकोश आजही हाताशी ठेवावा. १७५८ पासून १९५७ अखेरपर्यंतची नावं त्यात आहेत आणि पुढच्या भागात १९५८ ते १९९९ ची. जुने मूळ लेख बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत स्कॅन केलेले मिळतात. नोंदवही आणि मूळ लेख यांत फरक दिसला तर मूळ लेख धरा.

नोंदवहीतच चूक दिसली तर काय कळवू?

संपादकांना लिहा, ते माणसंच आहेत आणि बहुतेक जण हे काम इतर व्याप सांभाळून करतात. 'हे नाव चुकलंय' एवढ्यावर त्यांना काही करता येत नाही. नाव जसं छापलं तसं, लेखक, साल, पान, त्या पानाचं चित्र आणि तुमच्या मते प्रकार कुठला, म्हणजे दुहेरी नोंद, पर्यायनाव की समनाम, हे द्या. पर्यायनाव म्हणत असाल तर ते छापलेल्या लेखाचा संदर्भ द्या. तुम्ही स्वतः नमुने बघून ठरवलं असेल तर आधी ते लेखात प्रसिद्ध करा, कारण नोंदवही छापून आलेली मतं नोंदवते, पत्रातून कळवलेली नाही.